डावं कुणाचं?

रोइंगच्या शर्यतीच्या आदल्या दिवशीचा सराव. डबल स्कल, म्हणजे प्रत्येकी दोन वल्ही घेतलेल्या दोघांची बोट, रात्री ट्रकनं आली होती, रिगर (वल्ही पेलणारे बाहेरचे लोखंडी हात) सुटे करून. पहाटे पाण्यात उतरल्यापासून ती वल्हवणाऱ्यांच्या उजव्या अंगाला कलत होती. पाचशे मीटरमध्ये बो सीटवरच्या, म्हणजे बोटीच्या नाकाजवळच्या, पोराच्या उजव्या हाताची सालं निघाली. मी लाँचमधून ओरडतोय, "मनगट सरळ ठेव!" तो म्हणाला, "सर, हात बरोबर आहे, ही बोटच ऐकत नाही." मग स्ट्रोकवाल्याच्या, म्हणजे दुसऱ्या सीटवरच्या पोराच्या, हातावरही तसेच ओरखडे दिसले. एका रात्रीत दोघांचंही तंत्र सारखंच बिघडत नाही. बोट बाहेर काढली.

स्कलिंगमध्ये दोन वल्ह्यांच्या मुठी मध्यावर एकमेकींवरून जातात, डावा हात वर. म्हणून त्या बाजूचं गेट, म्हणजे रिगरच्या टोकाची वल्हं अडकवायची खाच, साधारण एक सेंटिमीटर उंच लागतं. ते खाली राहिलं तर डावी मूठ वर नेताना त्याच बाजूचं पातं खोल जातं. पाती समान बुडवायची तर बोट उजवीकडे कलते. ती जबरदस्तीनं सपाट ठेवली तर डाव्या हाताची नखं उजव्या हाताच्या पाठीवर घासतात.

बोट ठेवायच्या घोड्यांवर ती लेव्हल केली, दोन्ही कडांवर सरळ पट्टी आडवी टाकली आणि सीटच्या सर्वांत खोल जागेपासून गेटच्या तळापर्यंतची उंची काढली. वल्हवणाऱ्याच्या डावीकडे 16, उजवीकडे 17 सेंटिमीटर. दोन्ही सीटवर तेच. पिनवरचे, म्हणजे गेट ज्या उभ्या दांड्यावर फिरतं त्यावरचे, वॉशर उलटे पडले होते.

कारण मीच. "डावं गेट वर ठेव," असं फोनवर सांगितलं होतं. वल्हवणारा बोटीच्या शेपटाकडे तोंड करून बसतो. त्याचं डावं म्हणजे बोटीचं उजवं. जोडणाऱ्यानं बोटीच्या नाकाकडे बघून डावं धरलं.

मापाचा असा घोटाळा मोठ्या जहाजांनाही चुकलेला नाही. ग्रीसमध्ये 1987 साली प्राचीन त्रिस्तरीय युद्धनौकेची प्रतिकृती 'ऑलिंपियास' पाण्यात उतरली. वरच्या ओळीत 62, खालच्या दोन्हींत 54-54, असे 170 वल्हेकरी. दोन वल्ह्यांमधलं अंतर ठरलेलं, दोन हात. पण कुणाचा हात? बांधताना 44.4 सेंटिमीटरचा धरला, म्हणजे अंतर 88.8. उंच माणसांना वल्हं पुरतं ओढायलाच जागा मिळेना. पुढे 49 सेंटिमीटरचा हात धरून 98 चं अंतर सुचवलं गेलं. तयार जहाजात हे बदलणार कसं? आमचं काम वीस मिनिटांचं.

पिनवर गेटखालचे वॉशर वरखाली केले, नट आवळले, पात्याचा उभ्या रेषेपासूनचा कल चार अंश आहे ना तेही तपासलं. तो कमी असला की पातं खोल घुसतं आणि बाहेर निघत नाही.

दुपारी बोट सपाट चालली. बोटीच्या उजव्या बाजूच्या रिगरांना हिरवी टेप लावलीय, त्या बाजूच्या वल्ह्यांच्या कॉलरसारखीच (कॉलर म्हणजे वल्ह्यावरचं गेटला टेकणारं कडं). फोनवर आता "हिरवं गेट वर" एवढंच सांगतो. आणि दोघांची नखं समोर उभं राहून कापून घेतली.