कुटुंबाचा इतिहास : ‘नाही’

केसपेपरवर ‘कुटुंबात मानसिक आजार?’ असा बोटभर रकाना असतो. तिथे ‘नाही’ लिहिलं आणि जळगावची एक फेरी फुकट गेली. समुपदेशक बाईंनी कागद परत केला, तीन पिढ्यांचा तक्ता आणा म्हणाल्या. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. हे नंबर लावतानाच सांगायला काय जात होतं?

तक्ता काढणं सोपं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वारलेल्यावर फुली. भावंडं डावीकडून, थोरल्यापासून. भांडणाच्या नात्याला करवतीसारखी रेघ, तोडलेल्या नात्याला मधेच तुटलेली.

अडतं ते माहितीपाशी. ‘आपल्यात कोणाला मानसिक त्रास होता का?’ असं विचारलंत की आजी म्हणणार, “जुनं कसाले उकरस?” संपलं. आजाराचं नावच घेऊ नका, वागणं विचारा. आजोबा चिडले की घरात कोण गप्प बसायचं? अबोला किती दिवस चालायचा, आणि आधी कोण बोलायचं? पोरांवर हात कोण उचलायचं? दारू कोणत्या वयात लागली, त्या साली घरात काय घडलं होतं? आत्याला सगळं ठाऊक असतं, पण आईसमोर ती बोलत नाही. दोघींना वेगवेगळं गाठा, तेही हातात काम असताना. बिबडे (ज्वारीचे पापड) करताना जे निघतं ते ओसरीवर समोर वही धरून निघत नाही.

तापटपणा, अबोला हे लिहिण्याजोगं आहे असं कोणालाच वाटत नाही, इथेच सगळे फसतात. आजार नसला तरी बघून बघून उचललेली सवय असतेच, आणि समुपदेशनात काम तिच्यावरच होतं.

रक्ताच्या नात्यातला आजार मात्र वेगळ्या शाईने लिहा. आत्महत्या, महिनोन्‌महिने उदासी आणि याच्या उलट प्रकारही: चार-पाच दिवस जेमतेम झोपूनही अंगात जोम, अखंड बडबड, पैशांची उधळण. ‘तेव्हा काका लई खुशीत होते’ असं म्हणून घरचे हे सोडून देतात. डॉक्टरांना ते हवंच असतं, कारण अशा घरातल्या माणसाला नुसती उदासीची गोळी दिली तर क्वचित तोच जोम उसळतो. कोणाला लिथियम (मनाचे असे चढउतार आवरणारं औषध) लागू पडलं असेल तर तेही सांगा.

तारीख लांब असेल आणि मधे जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आणि हो, तक्ता पेन्सिलनेच काढा. चुलत आजोबा किती, हे दर फोनला बदलतं.