लोकरीतले कुसळ

कच्च्या लोकरीत अडकलेल्या काड्या, बिया, गवताची कुसळे आणि पानांचा चुरा यांना यॉर्कशायरच्या लोकर-व्यवसायात ‘मॉइट’ म्हणत. असल्या कचऱ्याने भरलेली लोकर ‘मॉइटी’ ठरे. कण या अर्थाच्या ‘मोट’ या जुन्या इंग्रजी शब्दाचे हे बोलीतले रूप आहे (विहिरीवरच्या आपल्या मोटेशी त्याचा काही संबंध नाही). १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये भावाच्या डोळ्यात दिसतो तो ‘मोट’ हाच. तेथे मराठीत ‘कुसळ’ येते आणि मला ते अधिक नेमके वाटते. इंग्रजी शब्दाने धूलिकण डोळ्यांसमोर येतो, तर मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाळलेली काडी किंवा भूस असा आहे.

न धुतलेल्या लोकरीची बट भिंगाखाली धरली की कुसळाची करामत कळते. त्याच्या अंगावरचे बारीक दाते मागे वळलेले असल्यामुळे ते तंतूंमध्ये सहज पुढे सरकते, परंतु मागे ओढू गेल्यास अडून बसते. धुण्याने मेण, घाम आणि माती निघून जाते, कुसळ मात्र राहते. पिंजताना त्याचे तुकडे होऊन ते आणखीच पसरते. शिवाय लोकरीचे बरेचसे रंग वनस्पतिजन्य धाग्यावर चढत नसल्याने गडद कापडात ते फिकट ठिपक्यांसारखे उठून दिसते, आणि विणून झालेल्या कापडातून ते चिमट्याने एकेक वेचण्याचे कंटाळवाणे काम कोणाला तरी करावेच लागे.

एकोणिसाव्या शतकात यावर रासायनिक तोड निघाली. लोकर सौम्य गंधकाम्लात भिजवून तापवली की वनस्पतीतील सेल्युलोज करपून ठिसूळ होते आणि रुळांखाली चिरडून झटकता येते. लोकर प्रथिनांची असल्यामुळे त्यातून बरीचशी निभावते.

गिरण्यांतून बाहेर पडलेला कचरा मात्र संपला नाही. स्कॉटलंडमधील गॅलाशिल्स येथील लोकर-गिरण्यांच्या सांडपाण्याबरोबर परदेशी बिया ट्वीड नदीच्या काठी पोहोचल्या आणि चक्क उगवल्या. वनस्पती-अभ्यासक आयडा हेवर्ड यांनी जॉर्ज ड्रूस यांच्यासह १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदीत अशा ३४८ जाती आहेत. मेंढ्यांच्या अंगावर बसून ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून निघालेल्या या बिया धुण्याच्या गरम पाण्यातूनही जिवंत सुटल्या होत्या.