सातवीचा वंशवृक्ष, फ्रेंचमधून

पहिल्या वर्षी मी सातवीच्या मुलांना 'माझं कुटुंब' हा प्रकल्प घरी करायला दिला आणि आठवड्याने चाळीसेक चार्ट पेपर माझ्या टेबलावर येऊन पडले. चकचकीत सोनेरी कडा, कापसाची पानं, संगणकावर छापलेली अक्षरं. दिसायला फार सुंदर. पण एकेकाला उभं करून "ही कोण?" असं फ्रेंचमध्ये विचारलं तर उत्तर येईना. चार्ट आयांनी केले होते, वाक्यं इंटरनेटवरची होती. मुलांच्या वाट्याला फक्त डिंक लावायचं काम आलं होतं. फ्रेंच त्यांच्याजवळ पोचलंच नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

त्याच चार्टांच्या गठ्ठ्यात एक कोरा कागद होता. त्या मुलीने वर फक्त 'मा फामीय', म्हणजे 'माझं कुटुंब', एवढंच लिहिलं होतं. तिच्या घरची परिस्थिती मला नंतर कळली. बाराव्या वर्षी 'वडील कोण' हे चाळीसजणांसमोर सांगायला लावणारा प्रकल्प देण्याआधी मी विचार करायला हवा होता.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी ठरवल्या. काम वर्गातच होणार, आणि कुटुंब कुणाचं घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं: स्वतःचं, शिवाजी महाराजांच्या भोसल्यांचं किंवा शास्त्रज्ञ मारी क्युरींचं. का निवडलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. पाच तासिका, प्रत्येकाला एक साधा कार्डशीट, शाळेच्याच पेन्सिली. गुण चित्राला नाहीत, तोंडी दहा वाक्यांना.

क्युरी घेताना मला वाटलं होतं की मुलांना नोबेलचं आकर्षण वाटेल. मारीला 1903 आणि 1911 मध्ये, मुलगी इरेन आणि जावई फ्रेदेरिक यांना 1935 मध्ये. पण मुलं गुंतली ती वेगळ्याच गोष्टीत. 1906 मध्ये मारीचा नवरा पिएर पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेला, तेव्हा इरेन आठ वर्षांची होती आणि धाकटी एव्ह अजून दोन वर्षांचीही नव्हती. मारी प्रयोगशाळेत जायची, नाती सांभाळल्या पिएरच्या वडिलांनी. "म्हणजे आजोबांनी वाढवलं!" असं मागच्या बाकावरून आलं आणि 'ग्राँ-पेर' हा शब्द त्या दिवसानंतर कुणी विसरलं नाही.

खरी अडचण तिसऱ्या तासाला आली. 'त्याची मुलगी' याला निम्म्या वर्गाने 'सों फीय' लिहिलं. मुलांच्या डोक्यात इंग्रजीचं गणित होतं: पुरुषाची वस्तू असेल तर 'सों', बाईची असेल तर 'सा'. मी फ्रेंच शिकले तेही इंग्रजीतूनच, त्यामुळे मीसुद्धा फळ्यावर इंग्रजीतच समजावत बसले. काही उपयोग झाला नाही. मग खडू ठेवला आणि म्हटलं, मराठीत बोला. त्याचा मुलगा, त्याची मुलगी. तिचा मुलगा, तिची मुलगी. 'चा' आणि 'ची' कशावरून ठरतं? "मुलावरून, मादाम!" बस, फ्रेंचमध्ये तेवढंच शिल्लक राहतं. 'त्या' आणि 'ति' गळून गेले असं समजा. पिएरची मुलगी 'सा फीय', मारीची मुलगीही 'सा फीय'. दहा मिनिटांत वर्ग सुधारला. आपल्या मुलांना जे जन्मापासून येतं ते बाजूला ठेवून आपण त्यांना लांबच्या रस्त्याने नेतो, हे मला तेव्हा फार तीव्रतेने जाणवलं.

भोसल्यांच्या गटात मात्र भांडण पेटलं. संभाजीपुत्र शाहू महाराजांचे काका राजाराम महाराज म्हणजे 'ओंक्ल'. मग मामा? तेही 'ओंक्ल'. मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या 'ताँत'. "असं कसं चालेल? मामा आणि काका एक कसे?" मुलं खरोखर नाराज झाली. मला त्यांचं म्हणणं पटलं. मी म्हटलं, ज्याला 'ओंक्ल' पुरत नाही त्याने नातं उलगडून सांगावं. मामा म्हणजे 'ल फ्रेर द मा मेर', माझ्या आईचा भाऊ. आत्या म्हणजे 'ला सर द मों पेर', माझ्या वडिलांची बहीण. मग काय, आतेभाऊ, मावसबहिणी सगळ्यांची उकल सुरू झाली. व्याकरणाच्या वहीत जी रचना मी महिनाभर घोकून घेतली असती, ती मुलांनी आपल्या नात्यांच्या अभिमानापोटी दोन दिवसांत तोंडात बसवली.

शेवटच्या तासाला सादरीकरण. वय सांगणं सक्तीचं होतं, कारण सत्तरच्या पुढचे आकडे मुलं टाळतात. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस. एक मुलगा सहसा वर्गात बोलत नाही. तो पणजीचं वय गावी फोन करून विचारून आला होता. पणजीने आकडा सांगितला तो असा: "चार विसा आन् वर बारा." त्याला आधी कळेना, मग आईने सांगितलं, ब्याण्णव. आणि मग त्याच्या लक्षात आलं की फ्रेंचमध्ये ब्याण्णव नेमकं असंच बोलतात.

तो पुढे आला, कार्डशीटवरच्या सगळ्यात वरच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि एका दमात म्हणाला, "मों नारियेर-ग्राँ-मेर आ कात्र-व्हँ-दूझ आँ." पणजी स्त्री असून 'मा' न म्हणता 'मों' म्हणायचं, कारण पुढे स्वर आहे, हेही त्याने बरोबर धरलं होतं. मग वर्गाकडे वळून मराठीत म्हणाला, "माझी पणजी फ्रेंचमध्ये मोजते."