पोलीसचे पाच अल्बम आणि न वाजलेली सम

द पोलीस या बँडचे स्टुडिओ अल्बम पाचच. १९७८ ते १९८३ एवढ्यात सगळं आटोपलं. पाचांचा क्रम लावायला कितीसा वेळ लागणार? पण गेल्या रविवारी मुलुंडला मामाकडे जेवणं झाल्यावर विषय निघाला आणि चारचा चहा झाला तरी आमचं जुळेना. मामाच्या मते 'घोस्ट इन द मशीन' पहिला. माझ्याकडे तो पाचवा. "तुझा कान तबल्याला बांधलेला आहे," मामा म्हणाला. ते खरं आहे, आणि म्हणूनच माझा क्रम तसा का, ते नीट लिहून काढते.

मामा मर्चंट नेव्हीत होता. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग सुट्टी. तो आला की ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत त्याच्या बॅगेभोवती सगळी पोरं जमायची. चॉकलेटं बाकीच्यांना, कॅसेट मला. १९८४च्या मे महिन्यात त्याने 'रेगाटा द ब्लांक' दिली. मी बारा वर्षांची, तबल्याच्या क्लासचं तिसरं वर्ष. दुपारी आईचा डोळा लागला की टू-इन-वनचा आवाज बारीक करून स्पीकरला कान लावायचे. 'वॉकिंग ऑन द मून' सुरू झालं आणि सवयीने बोटं मांडीवर मात्रा मोजू लागली. बेसचे मोजके स्वर येतात, मागून गिटारची एकच कॉर्ड पडते आणि विहिरीत हाक मारावी तशी घुमत राहते. पण ड्रमवाला पहिल्या मात्रेवर काही वाजवतच नाही! मला सम सापडेना. तीनदा रिवाइंड केलं.

रेगे या जमैकाच्या संगीताची रीतच ती. चार मात्रांतली पहिली मोकळी सोडायची आणि वजन तिसरीवर टाकायचं. हे मला पुढे कधीतरी समजलं. त्या वेळी एवढंच कळलं की हा माणूस समेवर येतो, पण वाजवत नाही. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये केरवा चालू असताना मी समेचा 'धा' वगळला. हात वर उचलला आणि तसाच धरला. दोन आवर्तनं सरांनी ऐकून घेतलं, मग हार्मोनियमचा भाता बंद केला. "सम गिळलीस का गं?" मी म्हटलं, "नाही सर, तिथेच आहे, फक्त वाजवली नाही." पुढचा अर्धा तास साधा केरवा. पण क्लास सुटताना चपला घालत असताना सर म्हणाले, "न वाजवलेली सम दुसऱ्याला ऐकू यायला हवी. तेवढं वजन आलं की मग सोड."

पोलीसचे अल्बम मी आजही याच कसोटीवर ऐकते. तिघंच माणसं: बेस आणि गाणं स्टिंगचं, गिटार अँडी समर्सची, ड्रम स्टुअर्ट कोपलँडचे. कोपलँडचं बालपण बैरूतमध्ये गेलं, अरबी ताल त्याच्या कानावरून गेलेले. तिघांनी एकमेकांना जागा किती सोडली, आणि त्या सोडलेल्या जागेला वजन किती, यावर माझा क्रम ठरतो.

'घोस्ट इन द मशीन' (१९८१) पाचवा तो यामुळेच. गाणी कमी आहेत असं मुळीच नाही. 'इनव्हिजिबल सन' हे उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या भीषण दिवसांवरचं गाणं, त्याचा व्हिडिओ बीबीसीने दाखवायला नकार दिला होता, आणि ते ऐकताना अजून माझ्या पोटात खड्डा पडतो. पण सॅक्सोफोनचे थर, सिंथेसायझरचे थर, त्यात तिघं कुठे आहेत ते शोधावं लागतं. 'एव्हरी लिटल थिंग शी डझ इज मॅजिक'मध्ये तर कीबोर्डवर चौथा माणूस आहे, जाँ रुसेल. गाण्याचा नमुना स्टिंगने आधीच रेकॉर्ड करून आणला होता आणि बाकीच्या दोघांनी त्यावर आपलं काम बसवलं. गाणं आनंदाने नाचतं, मामा त्यावर जीव टाकतो, आणि शेवटी कोपलँड जो उधळतो तो मलाही प्रिय आहे. तरीही आधी भरलेल्या लोकलमध्ये दादरला चढावं तसं त्या दोघांनी आपल्यापुरतं अंग शिरवलंय, असं मला दर वेळी जाणवतं.

'झेन्याटा मोंडाटा' (१९८०) चौथा. हॉलंडमध्ये हिल्व्हरसमच्या स्टुडिओत चार आठवड्यांत उरकलेला, पुढे लगेच दौरा होता. घाई ऐकू येते. 'ड्रिव्हन टू टिअर्स' मात्र पूर्ण शिजलेलं आहे. 'बिहाइंड माय कॅमल' ही समर्सची नुसत्या वाद्यांची रचना स्टिंगला इतकी नावडली की त्याने त्यात बेस वाजवला नाही. तोही समर्सनेच वाजवला, आणि तिला ग्रॅमी मिळालं.

तिसरा पहिलाच, 'आउटलँडोस दामूर' (१९७८). लेदरहेडच्या सरे साउंड या छोट्या स्टुडिओत नायजेल ग्रेने रेकॉर्ड केला. हा नायजेल ग्रे पेशाने डॉक्टर. 'रॉक्सान'च्या सुरुवातीला पियानोचा एक बेसूर आवाज आणि हसू ऐकू येतं, कारण स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर बसला. त्यांनी ते काढलं नाही. मला हे फार आवडतं, बैठकीत तंबोरा लावताना कुणी खोकलं तर ते जसं त्या मैफिलीचंच होऊन जातं तसं. अल्बमची दुसरी बाजू पहिलीच्या मानाने पडते, म्हणून तिसरा.

दुसऱ्या नंबरावर मी खूप अडले. 'सिंक्रोनिसिटी' (१९८३) अमेरिकेत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, आणि बहुतेकांच्या यादीत तो वरच असतो. मामाने आणलेली एलपी माझ्याकडे आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद व्हायच्या आधी तिथून सीडीही घेतली, कारण 'मर्डर बाय नंबर्स' एलपीवर नाही, कॅसेटवर आणि सीडीवर आहे. हा अल्बम मोंत्सेरात बेटावर रेकॉर्ड झाला तेव्हा तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. कोपलँडचे ड्रम जेवणाच्या खोलीत, समर्स स्टुडिओच्या हॉलमध्ये, स्टिंग कंट्रोल रूममध्ये. एका गाण्यासाठी तीन खोल्या! ते माहीत झाल्यावर 'टी इन द सहारा' मला वेगळंच ऐकू आलं. त्यातही जागा भरपूर आहे, पण ती न बोलणाऱ्या माणसांमधली आहे. आमच्या चाळीत दोन भाऊ एकाच घरात मध्ये कपाट उभं करून राहायचे, त्या कपाटाच्या दोन्ही बाजूंना जी शांतता असायची, ती. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'वर कोपलँड किती कमी वाजवतो ते एकदा फक्त ड्रमकडे कान देऊन ऐका. समर्सची गिटार एकटी सगळं गाणं उचलून धरते. वजन आहे, म्हणून दुसरा. पण या अल्बमनंतर मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून पहिला नाही.

पहिला 'रेगाटा द ब्लांक', १९७९. त्याचं शीर्षकगीत 'कान्ट स्टँड लूझिंग यू' हे आधीचं गाणं स्टेजवर वाजवताना मध्येच जे सुचत गेलं त्यातून तयार झालं, म्हणजे आधी मैफल आणि मग रेकॉर्ड. हाच अल्बम घेऊन ते मार्च १९८०मध्ये मुंबईत वाजवून गेले, पुढे कैरो, अथेन्स. मामा त्या वेळी जहाजावर होता. काही महिन्यांनी मित्राच्या पत्रातून त्याला कळलं. ती हळहळ अजून आहे, रविवारी पुन्हा निघाली.

या अल्बममध्ये 'द बेड्स टू बिग विदाउट यू' नावाचं गाणं आहे. बेस चालतो, थांबतो, पुन्हा चालतो, आणि गिटार कोपऱ्यात उभी राहून अधूनमधून एक शब्द बोलते. एका खोलीत आम्ही सहा जण झोपायचो, अंथरूण मोठं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कुठून कळणार? १९८६च्या पावसाळ्यात मी आठवडाभर मामीकडे राहायला गेले होते. मामाला जहाजावर जाऊन तीन महिने झाले होते. मामी ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होती आणि मी ही कॅसेट लावली. या गाण्याशी ती म्हणाली, "हे काय म्हणतोय गं?" मी मला आलं तसं मराठीत सांगितलं. ती काही बोलली नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, हात चालूच. गाणं संपलं, पुढचं लागलं.

"ते मागचं लाव परत," मामी म्हणाली.