इंजिनाकडे पाठ करून

इस्त्रीवाल्याने कपड्यांचा गठ्ठा दारात ठेवला आणि वरचा पांढरा शर्ट उलगडून दाखवला. "काका, हा डाग नाही, भोक आहे. आणि मी नाही पाडलं, आधीच सांगतो." खांद्यावर, कॉलरीच्या जरा खाली, मोहरीएवढं भोक. कडा तपकिरी. मी म्हटलं, "माहीत आहे रे. वेल्समध्ये पडलं ते." तो "बरं" म्हणाला, नऊ कपड्यांचे पैसे मोजून घेतले आणि गेला. वेल्स ही कॅम्पातली एखादी महागडी लाँड्री असावी, असा त्याचा चेहरा होता.

दुपारची वेळ. घरात सामसूम. मी भोकाला बोट लावून बसलो.

ते किटाळ, म्हणजे इंजिनातून उडालेली ठिणगी, माझ्याच चुकीने अंगावर आलं. मी आयुष्यभर गाडीत इंजिनाकडे पाठ करून बसत आलो आहे. पुण्याहून मुंबईला विजेच्या गाडीने जायचं असलं तरी समोरच्या प्रवाशाला विनंती करून जागा बदलून घेतो. लोकांना उलटं बसलं की मळमळतं, मला सुलटं बसलं की डोळे चुरचुरतात. बायको म्हणते, "अहो, या गाडीला कोळसा कुठला?" बरोबर आहे तिचं. पण मामाने सांगून ठेवलंय, आणि मामाने सांगितलेलं रद्द करायला आता मामा नाही.

मामा कुर्डुवाडीला फायरमन होता, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा. बार्शी लाइट या छोट्या रुळांच्या गाडीवर. ज्यांनी ती गाडी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिली त्यांना चालत्या गाडीतून उतरून, शेंगा घेऊन पुन्हा चढणाऱ्या माणसाची गोष्ट कुणी ना कुणी सांगितलेलीच असेल. ती गोष्ट प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगतात. मी नाही सांगत. मी पाहिलं ते वेगळंच होतं. आषाढीला टपावर बसलेली माणसं, आणि ती पंढरपूरला उतरली की सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या झालेल्या.

तर गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे बर्मिंगहॅमला होतो. एका शनिवारी जावई म्हणाले, "बाबा, तुम्हाला एक गंमत दाखवतो," आणि सकाळीच गाडी काढली. बायकोने आदल्या रात्री दशम्या केल्या होत्या. सोबत सोलापुराहून नेलेली शेंगाचटणी. सीमा ओलांडून वेल्समध्ये शिरलो तसे रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागल्या. वेल्शपूल गावाच्या एका टोकाला रेव्हन स्क्वेअर नावाचं चिमुकलं स्टेशन. नातू आधी पळाला. मी मागून रमतगमत गेलो आणि फलाटाच्या कडेला उभा राहून खाली पाहिलं.

अडीच फूट.

कुणी सांगायला नको होतं. पट्टी लावायला नको होती. एक पाय या रुळावर आणि एक पाय त्या रुळावर ठेवून जो माणूस दहाव्या वर्षी तासन्‌तास उभा राहिलाय, त्याला ते अंतर मांड्यांत लक्षात असतं. ब्रॉडगेजवर हे जमत नाही. मला पाय फाकवून खात्री करून घ्यायचा मोह झाला होता. गुडघ्यांनी आणि बायकोने, दोघांनीही नको म्हटलं. पण नंतर तिथल्या गार्डला विचारलं, तर तो म्हणाला, हो, दोन फूट सहा इंच. आमचंच माप! मी त्याला बार्शीचं नाव सांगितलं. तो खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "कॅलथ्रॉप!" म्हणाला. आमच्या बार्शीतल्या दहा माणसांना विचारा, नऊजण हे नाव ऐकून औषधाच्या गोळीचं आहे का विचारतील.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मोठी लाइन बार्शीला वळसा घालून गेली होती, बार्शीसाठीचं स्टेशन म्हणजे वीसेक मैलांवरचं बार्शी रोड. तेच आजचं कुर्डुवाडी. मधली वाट बैलगाडीची. या इंग्रज इंजिनीअरने तिथे अडीच फुटी रूळ टाकले आणि १८९७ मध्ये गाडी सुरू केली. त्याची युक्ती साधी होती: इंजिन असो की मालाची वाघीण, एका आसावर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळसुद्धा जड माल पेलतात. पुढे १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. आणि हा गृहस्थ उतारवयात काय करत होता, तर विमानातून उडी मारायची पॅराशूट. तिला नाव दिलं 'गार्डियन एंजल'. शिवाय अरबी घोडे पाळायचा. अशा माणसाने एका जागी बसून बार्शीचा हिशेब कसा केला असेल, देव जाणे. गार्डने हे सगळं मला सांगितलं आणि मी, बार्शीचा माणूस, मान डोलवत ऐकत राहिलो. लाज वाटली थोडी. पण फार नाही.

इंजिनाचं नाव होतं 'काउंटेस', म्हणजे सरदारीणबाई. जोडीचं दुसरं 'द अर्ल', ते तिचे यजमान. दोघांचा जन्म मँचेस्टरचा, बायर पीकॉकच्या कारखान्यातला, १९०२ चा. काळी नव्हे, हिरवी. पितळ असं घासलेलं की नातवाने त्यात तोंड बघून केस नीट केले. मामाच्या इंजिनाला नंबर होता, पण मामा तिला 'अवदसा' म्हणायचा. "आज अवदसेने पाणी पिऊन पिऊन जीव घेतला." "अवदसा चढावर रुसली."

आणि सरदारीणबाईंना कोळसा घालायला उभी होती एक तरुण मुलगी. तिशीची असेल. निळा डगला, तेलकट टोपी, हातमोजे, गालावर काळा पट्टा. माझ्या मुलीने तिला सहज विचारलं, तर ही बाई सोमवार ते शुक्रवार एका ऑफिसात हिशेब बघते. शनिवारी इथे येते, फुकट. येते म्हणजे पहाटे. बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, त्यामुळे पहिल्या गाडीच्या कितीतरी तास आधी जाळ करावा लागतो. आधी तिने किती दिवस नुसतं इंजिन पुसलं, मग फावडं हातात आलं, आता पुढे कधीतरी ड्रायव्हर होईल. तिकीट देणारे आजोबा, फाटकाशी झेंडी घेऊन उभे असलेले गृहस्थ, चहाच्या दुकानातली केक कापणारी बाई, बहुतेक सगळे असेच. पगारी माणसं मोजकी. ही गाडी १९०३ मध्ये गावच्या शेतमालासाठी सुरू झाली, १९३१ मध्ये माणसांसाठी बंद पडली, १९५६ मध्ये मालासाठीही. मग काही हौशी लोकांनी ती मागून घेतली आणि १९६३ मध्ये पुन्हा चालवली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, बानवी नदीला पूर आला आणि पुलाचा खांब खचला. आपल्याकडे असं झालं असतं तर "चला, सुटलो" म्हणून सगळे घरी गेले असते. यांनी वर्गणी काढली, लष्कराचे इंजिनीअर आले, पूल उभा केला.

मला हे सगळं ऐकताना कानात मामाचा आवाज येत होता. त्याचा एकच प्रश्न होता. "पगार किती?"

मामा ड्युटीवरून यायचा तेव्हा आधी त्याचा खोकला यायचा, मग तो. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मागच्या बाजूला न्हाणी होती. मामी बंब पेटवायची. तांब्याचा, चिंचेने घासलेला. आम्ही सुट्टीला गेलेली पोरं बंबाच्या कडेला उकिडवी बसून ढलप्या आत सारायचो, आणि मामी ओरडायची, "पुरे, पाणी उकळवून त्यांना सोलायचंय का?" मामा चड्डीवर येऊन दगडावर बसायचा. पहिल्या दोन तांब्यांचं पाणी शाईसारखं जायचं. मग नारळाची शेंडी आणि पिवळा बार साबण. पाठ मामी घासायची. कानाच्या पाळीमागे, नखांच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात काळं उरायचंच. काजळ घातल्यासारखे दिसायचे त्याचे डोळे. गल्लीतल्या बायका त्याच्यावरून मामीला चिडवायच्या.

घरच्या त्या बंबात मामाने एकदाही ढलपी घातलेली मला आठवत नाही. कधी बंब विझत आला आणि जवळ तोच एकटा असला, तरी नाही. हाक मारायचा. मामी पोळ्या टाकून यायची. "दिवसभर तेच करतो," एवढंच म्हणायचा. मामीही दिवसभर तेच करायची, चुलीशी, पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नसावं.

गाडी सुटली. डबे ऑस्ट्रियातून आणलेले, लाकडी, दोन्ही टोकांना उघडे सज्जे असलेले. मी शिरस्त्याप्रमाणे पाठ इंजिनाकडे करून बसलो, बायको समोर. वेल्शपूल सोडलं की लगेच गोल्फाचा चढ लागतो. एकोणतीस फुटांत एक फूट. गाडीसाठी हा चढ म्हणजे जिनाच. सरदारीणबाईंचा श्वास बदलला. आधी झुक-झुक होतं, ते एकेक, वेगळं, जोर लावून यायला लागलं. मध्येच चाक घसरायचं आणि भडाभडा चार-पाच श्वास एकदम. हा आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. कुर्डुवाडीच्या अंगणात रात्री झोपलो की यार्डातून असाच यायचा. मामी झोपेतच म्हणायची, "घसरली."

नातू म्हणाला, "आजोबा, बाहेर चला ना." आणि मी उठलो. सज्ज्यात जाऊन उभा राहिलो, कठडा धरून, तोंड पुढे. समोर काळा धूर, ओलसर, कोळशाचा वास. वास असा की तोंडात लाळ सुटली. मामीच्या पिठल्याची असावी. हिरव्या टेकड्या, मेंढ्या, आणि मध्ये ही आमची काळी, कुर्डुवाडीची हवा. पुढे पाठमोरी ती हिशेबवाली मुलगी दिसली, वाकली, उठली, वाकली. एका लयीत. मामाही असाच करत असणार. मी त्याला इंजिनावर काम करताना कधी पाहिलंच नाही. कायम आंघोळ करतानाच पाहिला.

तेवढ्यात डोळ्यात गेलं.

बायकोने मला आत ओढून बसवलं, पदराच्या टोकाचा बोळा केला, तोंडाची वाफ दिली आणि डोळ्यावर धरला. समोरच्या बाकावरची इंग्रज म्हातारी कौतुकाने बघत होती. तिने पर्समधून औषधाची बाटली काढून देऊ केली. बायकोने मान हलवून नको म्हटलं. त्याच झटापटीत ते दुसरं किटाळ खांद्यावर बसलं असणार. शर्टाला जळका वास आला तेव्हा कळलं. किटाळ हा शब्दही गमतीचा. ठिणगीलाही तोच आणि खोट्या आळालाही तोच. इस्त्रीवाल्याला दोन्हीची भीती वाटली होती.

लानव्हायरला उतरलो. गावाच्या नावातला पहिला उच्चार मला जमेना. जीभ ल साठी टेकते तशी टेकवून बाजूने हवा सोडायची म्हणे. आम्हाला ळसुद्धा येतो म्हणून मी ऐटीत होतो, पण मिनिटभर थुंकी उडवून सोडून दिलं. बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. ती मुलगी इंजिनात पाणी भरून खाली उतरली, हात पुसत आली. जावयांनी तिला दशमी देऊ केली. तिने उभ्याउभ्या खाल्ली, चटणीसकट, आणि डोळ्यांत पाणी आणून दुसरी मागितली. माझ्या मुलीने विचारलं, "फुकट एवढं काम का करतेस?" ती जरा विचारात पडली. म्हणाली, "ऑफिसात मी दिवसभर काय केलं ते संध्याकाळी मला दिसत नाही. इथे गाडी वर पोचलेली दिसते."

पटलं मला. मग मामाचंही पटलं. त्याची गाडीही रोज पोचत होती, बार्शीला, पंढरपूरला, आषाढीला टपावर माणसं घेऊन. त्याला ते दिसत नसेल असं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं असायचं. तिसऱ्या दिवशीही. शनिवारी एकदा वाकणं आणि तीस वर्षं वाकणं यांत फरक किती, हे मी पेन्शनर कारकून काय सांगणार. मी तर दोन्ही केलं नाही.

परतताना मी पुन्हा पाठ करून बसलो. नातू बायकोच्या मांडीवर झोपला. तिच्या साडीवर कोळशाचे ठिपके, त्याच्या नाकाखाली काळ्या मिशा.

रेल्वेच्या माणसाला दर वर्षी पास मिळतो. बायकोमुलांसकट, कुठंही जा. मामी दर उन्हाळ्यात म्हणायची, रामेश्वरला जाऊ. मामा म्हणायचा, "सुट्टीत पण गाडीतच बसू?" आणि अंगणातल्या बाजेवर आडवा व्हायचा, भिंतीकडे तोंड करून. असे तीस पास. मामी रामेश्वरला गेली ती मामा गेल्यावर दोन वर्षांनी, सोलापूरहून यात्रेच्या लक्झरी बसने, भाडं भरून. खिडकीची जागा मिळाली होती म्हणाली.