मूकपटाला ‘श्श्श’ कशाला?

मूकपट बघताना गप्प बसवलं जाणं, हा मान बर्लिनमध्येच मिळायचा. पडद्यावर कुणी बोलत नाहीये, कोपऱ्यात एक बाई पियानो वाजवतेय, आणि मी बायकोला जेमतेम “अगं, हाच तो रेड बॅरन” एवढं सांगितलं, तर पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून ‘श्श्श’ केलं. उशिरा आलेल्या जोडप्याला रीळ बदलेपर्यंत दारातच उभं ठेवलं होतं. खायला बंदी. अंगातला कोट काढायचा तर त्याची चेन इंचाइंचाने ओढायची! आमच्या फाळक्यांच्या जमान्यात मूकपटाला तबला-पेटी असायची आणि पाट्या वाचता येणारा माणूस बाकीच्यांसाठी त्या मोठ्याने वाचायचा. कुणाचं काही बिघडलं नाही.

चित्रण 1917 सालचं, खरंखुरं. रेड बॅरन म्हणजे पहिल्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन विमानाजवळ उड्डाणाचे जाडजूड कपडे चढवतोय, केसाळ बूट घालतोय, मध्येच हसतोय. लग्नघरातला धाकटा दीर वाटावा असा. शत्रूची 80 विमानं पाडल्याचं याच्या नावावर! 21 एप्रिल 1918 ला फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात मारला गेला, तेव्हा सव्विसावा वाढदिवस अकरा दिवसांवर होता. पुरला तो शत्रूने, ऑस्ट्रेलियन सैनिकांनी, बंदुकांची सलामी देऊन.

दिवे लागले. टाळी नाही. माझे उचललेले हात मी गुपचूप खिशात घातले.

बाहेर कॉफी पिताना ऑफिसातल्या जर्मन मित्राला विचारलं, तर त्याने इतिहासच काढला. 1925 मध्ये रिश्टहोफेनच्या अस्थी बर्लिनला आणल्या, खुद्द राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग हजर. 1927 मध्ये त्याच्यावर मूकपटही निघाला. महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवायचीच बंदी होती, त्यामुळे विमानं पडद्यावरच उडवायची! पुढे नाझींनी हेच नाव मिरवलं. रिश्टहोफेनच्या पथकाचा शेवटचा प्रमुख होता गोरिंग, पुढे हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख झालेला. आता टाळी वाजवायची ती नेमकी कुणाला?

पटलं. म्हणजे, अर्धं पटलं. आपल्याकडे पोवाडा सुरू झाला की अंगावर काटा येतो, तो काय आधी चौकशी समिती नेमून येतो?

मग मीही कलकत्त्याच्या वैमानिक इंद्रलाल रॉयचं नाव काढलं. ब्रिटिशांच्या बाजूने लढला, जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत हवाई लढतीत दहा विजय मिळवले, आणि 22 जुलैला फ्रान्सच्या आकाशात मारला गेला. वय 19. मित्राने कधी ऐकलं नव्हतं. मला जरा बरंच वाटलं. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे, हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आईला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, “शिट्टी मारायची सोय नाही तर राहतोस कशाला तिथे?”

अगं आई, बुधवारी संध्याकाळी सहा वाजता शंभर वर्षांपूर्वीचा सिनेमा बघायला मिळाला. हिंजवडीत असतो तर त्या वेळी गाडीतच बसलो असतो ना!