मला वाटलं सुकतंय

रविवार, रात्री साडेअकरा

गुरुवारी आईवर ओरडले. माशांची अंडी ठेवलेल्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या भुशाच्या, पिशवीवरून. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

पिशवी बाबांच्या ड्रॉवरमध्ये होती, तिथे अंधार असतो आणि आता त्यात बाकी काही नाहीच. वर मार्करने माशाची जात आणि तारीख लिहिलेली, गुंथेरी, 17 ऑगस्ट. साधारण बारा आठवड्यांनी भिजवायची. गुरुवारी हातात घेतली तर जड लागली, उघडली तर आतलं पीट चिंब. आई म्हणाली, दिवाळीची साफसफाई करताना बघितलं, मला वाटलं सुकतंय गं, म्हणून दोनदा पाणी शिंपडलं. आणि मी म्हणाले, तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला. ती काही बोलली नाही, कुकर लावायला गेली.

बोलली असती तर बरं झालं असतं.

तिला कसं कळणार होतं पण. तिच्या हातून जे जे जगलंय ते पाणी घालूनच, गॅलरीतली तुळस काय, फडक्यातली मटकी काय. आणि हे मासे उलटे. झांझिबारच्या डबक्यांतले, पाऊस पडला की डबकं भरतं, पिल्लं काही आठवड्यांतच मोठी होऊन चिखलात अंडी घालायला लागतात, डबकं आटलं की मासे सगळे मरतात आणि अंडी तेवढी चिखलात राहतात, वाढ मध्येच थांबवून. डायपॉज म्हणतात त्याला. पीट म्हणजे आपल्या घरातला तो चिखल, दमट असावा पण ओला नको, तंबाखूच्या पुडीएवढाच ओलसर. जास्त पाणी झालं की आत हवा खेळत नाही, अंडी पुढे सरकत नाहीत, नाहीतर बुरशी धरते. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. पिशवी ठेवली, ड्रॉवर लावला, संपलं.

नर सप्टेंबरमध्ये गेला. कुर्ल्याहून आणलेला, लालभडक शेपटीचा. त्याचं आज नाही लिहीत.

गुरुवारी रात्री मात्र खूप रडू आलं, या वर्षात एवढं एकच काम मी मनापासून, तारीख लिहून, न चुकता करत होते आणि तेही असं व्हावं, घरात माझं म्हणून एक ड्रॉवरही नसावा का, असलं काय काय. आता वाचताना जाणवतंय की ड्रॉवर तरी माझा कुठे होता.

शुक्रवारी पीट पेपरवर पसरलं आणि भिंग घेऊन बसले. 61 अंडी मिळाली. 19 पांढरी पडलेली, ती गेली. 12 मध्ये डोळे दिसत होते, काळे, भोवती सोनेरी कडा, म्हणजे तयार. उरलेली 30 नुसती काचेसारखी स्वच्छ, जिवंत, पण थांबलेली. पाण्यामुळेच थांबली असतील असंही नाही, गडबडीशिवायही सगळी अंडी एका वेळी तयार होत नाहीत. तिकडे पहिल्या पावसाने सगळीच उठली आणि डबकं परत आटलं तर मागे कोण उरणार. मग वाटलं, आईचं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी एक अवकाळी सर. तीस जणांनी थांबायचं ठरवलं. थांबू देत.

आज सकाळी डोळे आलेली बारा ब्रशने उचलून चिमूटभर पीटसकट डब्यात टाकली, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन आधीच काढलेलं, फ्रिजमधलं थोडं मिसळून 20 डिग्रीपर्यंत आणलं, गार पाण्याला ती लवकर फुटतात. संध्याकाळपर्यंत नऊ बाहेर. दोन तळाशीच सरपटतायत, त्यांच्या पोटात हवेची पिशवी भरलीच नाही, ती बहुतेक जगणार नाहीत. सात जण मात्र पोहतायत, टाचणीच्या डोक्याएवढा एकेक डोळा घेऊन नाही, त्याहून बारीकच, पण वळून बघतात. आर्टिमिया, म्हणजे पिल्लांना खायला घालायची अगदी बारीक कोळंबी, कालच अंड्यांतून फुटायला लावून ठेवला होता, रात्री पहिला घास दिला, त्यांची पोटं केशरी झाली.

आई चष्मा लावून आली. मोबाईलच्या टॉर्चने बराच वेळ बघत होती. सॉरी म्हणायचं होतं मला, अगदी ओठांवर होतं, पण तेवढ्यात तिनेच विचारलं, "आणि त्या उरलेल्यांना पाणी नको ना?"

नको म्हटलं. आता फक्त थांबायचंय.

तीस अंडी जेमतेम ओलसर पीटमध्ये घातली, पिशवीवर आजची तारीख लिहिली. ड्रॉवर तिनेच उघडून धरला.